पायरीवरचे पाऊल

पंढरीच्या महाद्वारी पहिली पायरी आली की वारकऱ्याचे पाऊल आपोआप थबकते. हात खाली जातो, कपाळाला लागतो, आणि मग ती पायरी ओलांडून माणूस पुढे होतो. ही सवय आम्हांला कोणी शिकवली असे नाही. आईचे बोट धरून दर्शनाला गेलो, आई वाकली म्हणून आम्हीही वाकलो, एवढेच. पण सवयीने केलेली गोष्ट आपण खरोखर समजून करतो का, हे एकदा परक्या मुलखात तपासण्याचा प्रसंग आला. तो वाचकांच्या कानी घालावा आणि त्यातून उठलेला प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावा, एवढ्यासाठीच हा लेख.

आमचा पुतण्या जपानात नोकरीस आहे. त्याच्या आग्रहावरून आम्ही तिकडे महिनाभर राहिलो. एके दिवशी तो म्हणाला, "काका, देवळे पुष्कळ पाहिलीत. आज एक पडका किल्ला दाखवतो." क्योतोहून आगगाडीने निघालो आणि बिवा नावाच्या मोठ्या सरोवराच्या काठाने जात आझुची या लहानशा स्थानकावर उतरलो. तेथून भातखाचरांमधून पायी वाट. समोर झाडीने भरलेली एक टेकडी दिसते. समुद्रसपाटीपासून उंची दोनशे मीटरांच्या आत. पूर्वी या टेकडीला तीन बाजूंनी सरोवराचे पाणी वेढून होते. विसाव्या शतकात ते पाणी हटवून शेती केली गेली, म्हणून आज तेथे भात डुलतो. पाहून कोणालाही वाटणार नाही की जपानच्या इतिहासातल्या एका कालखंडाला या टेकडीचे नाव दिलेले आहे.

हा किल्ला ओदा नोबुनागा याचा. त्याचा जन्म 1534 सालचा, म्हणजे आपल्या नाथमहाराजांच्या बरोबरीचा. त्या काळी जपानात शंभर वर्षे यादवी माजलेली होती. गावोगावचे सरदार एकमेकांच्या उरावर बसलेले. त्या गोंधळातून देश एका हाताखाली आणण्याचे काम या पुरुषाने सुरू केले. तो शूर होता, हिशेबी होता, आणि निर्दयही होता. 1571 साली हिएई पर्वतावरचा प्राचीन बौद्ध मठ त्याने जाळला आणि तेथील माणसे मारली, कारण त्या मठाने त्याच्या शत्रूंची बाजू घेतली होती. मठवासीही सगळेच काही शांतिब्रह्म नव्हते. त्यांच्याजवळ शस्त्रे होती, सैन्य होते. पण आगीला असा निवाडा करता येत नाही. ती सरसकट जाळते.

1576 साली आझुचीचे बांधकाम सुरू झाले आणि 1579 साली नोबुनागा तेथे राहावयास गेला. मधोमध सात मजली वाडा. जपानातल्या इतर किल्ल्यांत अशा मुख्य वाड्याच्या नावातली अक्षरे 'स्वर्गाचा राखणदार' अशा अर्थाची लिहितात. येथे मात्र ती 'स्वर्गाचा स्वामी' अशी लिहिली गेली. नावातच काय ते आले! आतल्या भिंती कानो एइतोकु या त्या काळच्या नामांकित चिताऱ्याने रंगवल्या. वरचा एक मजला अष्टकोनी होता. त्यात भगवान बुद्ध आणि त्यांचे दहा प्रमुख शिष्य चितारलेले होते, आणि त्याच्याही वरच्या मजल्यावर आतबाहेर सोने होते. हे वर्णन नोबुनागाच्याच पदरी असलेल्या ओता ग्यूइची याने आपल्या बखरीत करून ठेवले आहे.

आता पायऱ्यांकडे येऊ. किल्ल्याचा राजमार्ग टेकडीच्या पायथ्यापासून सरळ वर चढतो. सहा मीटर रुंद, दगडी पायऱ्यांचा. शत्रूला अडवण्यासाठी किल्ल्याच्या वाटा वळणावळणाच्या करतात. हा मार्ग मात्र बराच लांबपर्यंत सुतासारखा सरळ आहे. येणाऱ्याने मान वर करून पाहावे आणि दबून जावे, यासाठीच जणू तो केला. दोन्ही बाजूंना सरदारांच्या वाड्यांची जोती आहेत. आम्ही हातात बांबूची काठी घेऊन हळूहळू चढू लागलो. वयोमानाने दम लागत होता, आणि नजर सारखी वर होती.

इतक्यात पुतण्या एकदम म्हणाला, "काका, थांबा! पाय उचला."

आम्हांला वाटले, साप असावा. पाय उचलला. खाली दगडच होता. पुतण्याने शेजारची पाटी वाचून दाखवली. पायरीत बसवलेला तो दगड म्हणजे बुद्धाची मूर्ती होती. हातभर लांबीचा ओबडधोबड दगड, त्यावर झिजलेली बसलेली आकृती, चेहरा जवळजवळ पुसलेला. किल्ला घाईने उभारताना आसपासच्या मुलखातून दगड गोळा केले, त्यांत लोकांनी ठेवलेल्या या लहान मूर्ती आणि थडग्यांचे दगडही आले, आणि ते इतर दगडांसारखेच पायऱ्यांत घातले गेले. पुढे अशा आणखी मूर्ती लागल्या. काहींपुढे लोकांनी पैसे ठेवले होते.

आम्ही हात खाली नेला, दगडाला लावला, कपाळाला लावला. पण वाचकहो, खरे सांगतो, मनाला लाज वाटली. आयुष्यभर पायरीला हात लावणारे आम्ही. आणि येथे वरच्या स्वर्गस्वामीचे घर पाहण्याच्या नादात देवाच्या छातीवर पाय दिला, तो दुसऱ्याने सांगेपर्यंत कळलाही नाही.

आमच्यामागून एक वृद्ध जपानी बाई येत होत्या. त्यांनी त्या दगडाशी थांबून हात जोडले, खिशातून एक नाणे काढून ठेवले, आणि कडेने वळसा घालून त्या वर निघून गेल्या. बोलणे काही झाले नाही. भाषाही नव्हती.

आम्ही एका जोत्यावर टेकलो. पुतण्याने पाणी दिले आणि तो म्हणाला, "काका, रागावू नका, पण एक विचारतो. आपले नामदेवराय आपण होऊन पायरी झाले ना? संतांचे पाय लागावेत म्हणून? मग येथे बुद्ध पायरी झाले तर बिघडले काय? उलट त्यांच्यासारख्या विरक्ताला ते आवडलेच असते."

प्रश्न पोरकट नाही. पुष्कळ शहाणी माणसे असेच बोलतात. त्याला उत्तर देण्याचा आम्ही तेथेच प्रयत्न केला. तोच जरा नीट मांडतो.

परंपरा सांगते की 1350 साली नामदेवराय महाद्वारी समाधिस्थ झाले. ती जागा त्यांनी मागून घेतली. मागणारा मोठा होता, आणि त्याने लहानपण मागितले. लहानपण ही द्यावयाची वस्तू आहे, घ्यावयाची नव्हे. आपण होऊन वाकला त्याला नम्र म्हणतात. मानेवर हात ठेवून ज्याला वाकवले त्याला नम्र म्हणत नाहीत. बाहेरून पाहणाऱ्याला दोघांच्याही पाठी सारख्याच वाकलेल्या दिसतील, पण एकात भक्ती आहे आणि दुसऱ्यात जुलूम. जुलूम करणाऱ्याने भक्तीचे शब्द उसने घेऊन 'तू तर सोशीकच आहेस, तुला हे आवडेलच' असे म्हणणे हा दुसरा जुलूम. घरातली सून, शेतातला गडी, दारातला भिकारी, यांना हे शब्द आपण किती वेळा ऐकवले असतील ते ज्याचे त्याने आठवावे.

यावर कोणी म्हणेल, दगडाला कसला जुलूम? देव तर सर्वत्र आहे. पायरीखालीही आहे आणि पायातही आहे. त्याला विटाळ नाही, अपमान नाही. हे आम्हांला मान्य आहे. बुद्धाचे काही उणे झाले नाही. मग उणे कोणाचे झाले? त्या मूर्ती नीट पाहा. त्या कोणा राजाने घडवलेल्या नाहीत. एखाद्या कुळंबिणीचे पोर गेले असेल, एखाद्याचा बाप गेला असेल. त्यांनी गावच्या पाथरवटाला दाणे देऊन हातभर दगड कोरून घेतला असेल आणि वाटेच्या कडेला ठेवला असेल. गरिबाचे दुःख ठेवावयाला तेवढीच जागा होती. एके दिवशी सरदाराची माणसे आली आणि गाडीत घालून ते दुःख घेऊन गेली. अपमान झाला तो त्या माणसांचा. देवाने तो आपल्या अंगावर घेतला, एवढेच.

आणि दुसरे उणे झाले ते पाय देणाऱ्याचे. दगड काय आहे हे न पाहता उचलण्याची सवय लागली की माणूस काय आहे हेही न पाहता उचलण्याची सवय लागते. याचा दाखला याच किल्ल्यात आहे. तेथे एक प्रचंड शिळा वर चढवली गेली. तिला 'सर्पशिळा' अशा अर्थाचे नाव होते. बखरकार सांगतो की दहा हजार माणसे तीन दिवस आणि तीन रात्री ती ओढत होती. बखरीत तो पराक्रमाचा प्रसंग आहे. पण त्या काळी जपानात असलेला लुइस फ्रोइस हा पोर्तुगीज पाद्री लिहितो की शिळा एकदा घसरली आणि दीडशेहून अधिक माणसे तिच्याखाली चिरडली. त्यांची नावे कोणी लिहिली नाहीत. ती शिळाही आजवर कोणाला सापडलेली नाही.

हे ऐकले आणि आम्हांला चोखोबा आठवले. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू होते, भिंत कोसळली, आणि कामावरच्या इतर मजुरांबरोबर चोखोबाही तिच्याखाली गेले. साल 1338 सांगतात. आपल्याकडे एक नामदेव निघाला, ज्याने त्या ढिगाऱ्यातल्या अस्थी कानाशी धरून ओळखल्या आणि महाद्वारासमोर आणून ठेवल्या. आझुचीच्या दीडशे जणांना असा कोणी मिळाला नाही. पण वारकऱ्यांनी छाती फुगवण्याचे कारण नाही. चोखोबांबरोबर जे दुसरे मजूर मेले, त्यांची नावे तरी आपण कोठे विचारली?

शेवटच्या पायऱ्या चढून आम्ही माथ्यावर गेलो. वाड्याचे तेथे काही नाही. दगडी भिंतींच्या चौकात, तळघराच्या जागी, खांबांच्या बैठकीचे दगड रांगेने मांडलेले आहेत. त्यांवर सात मजले उभे होते. 1582 सालच्या जून महिन्यात नोबुनागाच्याच एका सरदाराने, आकेची मित्सुहिदे याने, क्योतोच्या होन्नोजी मठात त्याला घेरले आणि तेथे त्याचा अंत झाला. त्यानंतर पंधरवडाही लोटला नाही तोच आझुचीचा वाडा जळाला. आग कोणी लावली याबद्दल इतिहासकारांत आजही एकमत नाही. कोणी मित्सुहिदेच्या माणसांवर ठपका ठेवतात, कोणी नोबुनागाच्या मुलावर, तर कोणी लुटारूंवर. स्वर्गाच्या स्वामीला ते घर जेमतेम तीन वर्षे लाभले. त्या किल्ल्याचे एक सुंदर चित्र त्याने पडद्यांवर काढवून वालिन्यानो या पाद्र्याला भेट दिले होते. जपानी तरुणांच्या एका शिष्टमंडळाबरोबर ते निघाले. ही मंडळी 1583 साली आपल्या गोव्यास उतरली होती. पुढे रोमला जाऊन 1585 साली त्यांनी ते चित्र पोपमहाराजांस दिले. नंतर तेही हरवले. घरही गेले आणि घराचे चित्रही गेले.

आता येथे 'गर्वाचे घर खाली' असे म्हणून लेख संपवणे फार सोपे होते. पुतण्याला आम्ही तसे म्हणणारच होतो. पण जिभेवर आलेले शब्द परत गेले. कारण ते खरे नाही. गर्विष्ठाचे घर जळाले म्हणून ते गर्वाने जळाले असे ठरत असेल, तर हिएई पर्वतावर जी निरपराध माणसे जळाली त्यांचे काय? त्यांचाही गर्वच म्हणावयाचा? काळ सर्वांचीच घरे खाली आणतो. चांगल्याचीही आणतो. काळाच्या हातात आपण आपल्या सोयीचा तराजू देऊ नये. नोबुनागाने देवाला पायरी केले ते वाईटच होते. वाडा आजतागायत उभा असता तरी वाईटच असते. वाईटपणा ठरवण्यासाठी आगीची साक्ष लागू नये.

आणखी एक गोष्ट सांगावयास हवी, नाही तर त्या पुरुषावर अन्याय होईल. जुने कोरीव दगड बांधकामात घालणारा तो एकटा नव्हता. ज्याने त्याला मारले त्या मित्सुहिदेच्या फुकुचियामा येथील किल्ल्याच्या जोत्यातही थडग्यांचे दगड आहेत. कोरियामाच्या किल्ल्यात तर जिझो या देवाची मूर्ती भिंतीत उलटी, डोके खाली अशी बसलेली आहे. आणि नोबुनागाने आपल्या किल्ल्यात सोकेनजी नावाचा मठही बांधला. त्याचा तीन मजली मनोरा अजून उभा आहे. वरच्या मजल्यावर सोनेरी बुद्ध, उतारावर बुद्धाचा मठ, आणि पायाखालीही बुद्धच! म्हणजे तो देवाचा शत्रू होता असेही सरळ म्हणता येत नाही. चिताऱ्याने काढलेला देव त्याला दिसत होता, गरिबाने ठेवलेला दिसत नव्हता. विचार करता करता आम्हांला वाटू लागले की हा रोग नोबुनागाचा एकट्याचा नाही. आणि तसे वाटताच एक दगड आमच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

तो जपानातला नव्हता. आमच्या घरच्या आडाजवळचा होता.

आमच्या परसात एक लांबट काळा दगड धुणे धुण्यासाठी टाकलेला आहे, तो आजोबांच्या वेळेपासून. वीसएक वर्षांपूर्वी नळ घालताना तो उलटवला, तेव्हा त्याच्या खालच्या अंगाला कोरीव काम दिसले. खाली गाई, त्यांच्यावर ढाल-तलवार घेतलेला पुरुष, त्याच्यावर पिंडीची पूजा. वीरगळ होता तो. गावची गुरे वाचवताना कोणी मेला, त्याची आठवण म्हणून गावाने उभा केलेला. आम्ही तो पाहिला, 'जुना दिसतो' म्हणालो, आणि गवंड्याने तो पुन्हा पालथा घातला. त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही देवळात प्रवचनाला बसलो होतो. विषय होता, सर्वांभूती भगवद्भाव!

आझुचीच्या पायरीवर आम्ही नोबुनागाला दोष देत होतो, तेव्हा आमच्या घरी त्या वीराच्या पाठीवर धुणे आपटले जात होते. त्याने निदान देश एक करण्याच्या घाईत केले. आम्हांला तर कसलीच घाई नव्हती.

घरी परत आल्यावर चार माणसे बोलावून तो दगड काढला, धुतला, आणि तुळशीवृंदावनाशेजारी उभा केला. आमच्या थोरल्या वहिनी पायरीवर बसून हे पाहत होत्या. त्यांचे वय आता ऐंशीच्या घरात. त्या म्हणाल्या, "अहो भावोजी, सासरी आल्यापासून मी ह्याच्यावर धुणं धुतलं. मग इतकी वर्षं माझ्या हातून पापच झालं म्हणायचं का?"

आम्ही म्हणालो, "वहिनी, तुम्हांला ठाऊक नव्हते. तुम्ही फक्त धुणे धुतले. ठाऊक होऊन ज्याने तो पालथा घातला त्याला विचारा."

"म्हणजे कोणाला?"

"मला."

त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या, तांब्याभर पाणी आणून त्यांनी दगडाच्या पायाशी घातले, आणि म्हणाल्या, "आता निदान सावलीत तरी आहे."

आता एक प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर आम्हांला पुरते सापडले आहे असे नाही. आम्ही आमचा दगड उचलून उभा केला. आझुचीच्या लोकांनी मात्र त्या मूर्ती पायऱ्यांतून काढल्या नाहीत. ती जागा 1952 पासून शासनाने विशेष ऐतिहासिक स्थळ म्हणून राखली आहे. 1989 पासून वीस वर्षे तेथे पद्धतशीर उत्खनन झाले आणि हा राजमार्ग पुन्हा वापरात आला. मूर्ती काढून एखाद्या देवळात मांडता आल्या असत्या. त्यांनी त्या जेथे होत्या तेथेच ठेवल्या, शेजारी पाटी लावली. आरंभी आम्हांला हे खटकले. आता वाटते, त्यातही शहाणपण आहे. मूर्ती काढली असती तर पायरी स्वच्छ झाली असती, आणि तिच्याबरोबर अपराधही पुसला गेला असता. येणारा मान वर करून थेट वाड्याकडे गेला असता. आज त्याला खाली पाहावे लागते. ज्याने मार्ग सरळ केला तो म्हणत होता, वर पाहा. झिजलेला बुद्ध म्हणतो, पायाखाली पाहा. चारशे वर्षांनंतर त्या वाटेवर हुकूम कोणाचा चालतो, हे त्या वृद्ध बाईंनी वळसा घालून दाखवले.

ज्या घरात चूक झाली त्याने ती सुधारावी, आणि जी चूक साऱ्या देशाची झाली ती झाकू नये, उघडी ठेवून कडेने चालावे. सध्या तरी आम्ही एवढ्यावर येऊन थांबलो आहो. यापेक्षा चांगला विचार कोणा वाचकास सुचला तर त्याने जरूर कळवावा.

येत्या आषाढीस महाद्वारी पायरीला हात लावाल, तेव्हा आपल्या स्वतःच्या घराची पायरी एकदा मनात आणा. ती कोणाची आहे? कोणी आपण होऊन तेथे बसले आहे, की आपण कोणाला बसवले आहे? पहिल्याला नमस्कार करावा. दुसऱ्याला हात देऊन उठवावे. नुसत्या नमस्काराने दुसऱ्याचे काम भागत नाही.

रामकृष्णहरि.